बादली इथेच ठेवायची

चेंबूरला, दुसऱ्या मजल्यावर,
आमच्या न्हाणीघराची खिडकी डक्टमध्ये उघडते.
डक्टमध्ये पाइप, पारव्यांसाठी लावलेली जाळी,
वरच्या सबनीसांचं सकाळचं खोकणं.
ऊन नाही.
उन्हाला तिथे यायला जिनाच नाही.

फरशी कोट्याची. वन्संनी निवडलेली.
"टाइल्सवर माणूस घसरतं. दगड पाय धरतो."
महापालिकेच्या पाणीखात्यात एकतीस वर्षं काढलेल्या बाईशी
मोरीवरून वाद कोण घालणार?

त्या फरशीवर काळं आलं.
आधी सांध्यांत, काजळाचं बोट फिरवल्यासारखं,
मग कोपऱ्यात, मग शॉवरखाली,
जिथे पाणी थांबून विचार करतं
जाळीकडे जावं की नको.

मी सगळं करून पाहिलं.
काथ्या. सोडा. जुना टूथब्रश.
कुणी म्हणालं लिंबू, लिंबू चोळलं.
शेवटी एका दुपारी संडासचं ॲसिड ओतलं
नाकाला पदर लावून.
दगड फसफसला.
चटका बसल्यावर माणूस श्वास आत ओढतं ना, तसा आवाज.
वाटलं, निघालं.
वाळल्यावर पाहते तर काळं तिथेच,
आणि भोवतीची चमक गेलेली,
तापातून उठलेल्या ओठांसारखी फरशी.

लिंबाजी धोत्रे आले, पॉलिशचं मशीन खांद्यावर.
उकिडवे बसले. नखाने खरवडलं. बोट हुंगलं.
"ॲसिड?"
मी शाळेतल्यासारखी मान हलवली.
"हा चुन्याच्या जातीचा, ताई. आंबट सोसत नाही त्याला.
आणि पाणी पितो हा. तुम्ही दोन वेळ पाजता,
वाळू कधी देता?"

मुलतानी माती त्यांनी पेरॉक्साइडमध्ये कालवली,
मुरगळलेल्या पायाला लावतात तसा जाड लेप थापला,
वर प्लास्टिक, कडेने चिकटपट्टी.
"उद्या अंघोळ शेजारी."
अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा
टॉवेल आणि साबणाची डबी घेऊन
मी सबनीसांच्या दारात.

लेप सुकून तडकला, मळकट झाला.
खाली दगड, हिरवट निळा,
टेम्पोतून उतरला होता तसा.
आणि त्यावर चार वर्तुळं.
तांबूस. रुपयाएवढी.

काळ्याखाली ती दिसतच नव्हती.

"लोखंडाचं काय होतं इथे?"
स्टूल, म्हटलं.
पायांची रबरी टोपणं झिजली होती, मी आणणार होते,
आज आणते, उद्या आणते.
चौदा महिने वन्सं त्यावर बसल्या,
मी पाठ चोळायची,
आणि त्या भिंतीकडे तोंड करून म्हणायच्या,
"नळ बंद कर आधी. पाणी वाहतंय."
एकदा मी मुद्दाम वाहू दिलं.
त्या काही बोलल्या नाहीत. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"बुरशी वरवरची," धोत्रे म्हणाले. "गंज आत उतरतो.
घासावं लागेल."
"घासा," मी म्हटलं. लगेच.

मशीन दुपारभर किंचाळलं. दुधाळ गाळ वाहिला.
एक गेलं. दुसरं. तिसरं जरा हट्टाने.
चौथं भिंतीलगतचं,
वन्सं डाव्या अंगावर भार टाकायच्या तिथलं,
फिकं झालं, गेलं नाही.
"याच्यापुढे खड्डा पडेल.
लादी बदला म्हणाल, तर या रंगाचा कोटा आता येत नाही."

आता आमच्याकडे नियम आहेत.
आधी वायपर, मग कोरडं फडकं,
साधा साबण, आंबट काही नाही,
खिडकी उघडी, टेबलफॅन अर्धा तास डक्टकडे तोंड करून.
हे म्हणतात, पोराला कधी इतकं पुसलं नव्हतंस.

चौथ्यावर बादली ठेवते. प्लास्टिकची.
पाहुण्यांनाही सांगते, बादली इथेच ठेवायची.
फक्त फडकं फिरवताना
ती उचलावी लागते.
रोज.

नळ आधी बंद करते.