व्हाउचर क्रमांक एक्केचाळीस

शाहूपुरीत, तिसऱ्या गल्लीत,
मोटारपंपाच्या दुकानावर आमचं ऑफिस.
खालून दिवसभर वार्निशचा वास.
वर मी, एक पंखा,
आणि मार्च महिना.

नेजकरसाहेब चष्मा कपाळावर सारून विचारतात,
"हे एक्केचाळीस काय आहे?
दोर, कडबा, गूळ, चहापावडर, दगड भरणे.
तेवीसशे साठ.
आणि पावती म्हणून हा वहीचा कागद?"

कागदावर निळा अंगठा.
ठकूबाई बाबू झोरे, धनगरवाडा,
तालुका राधानगरी.
अंगठ्याच्या रेषा मध्येच तुटलेल्या,
तिथं दगड लागला होता.

साहेब, मी सांगतो.
वाड्यावर अकरा घरं, हीर एकच.
फेब्रुवारीत एका रात्री तिच्यात गवा पडला.
वनखात्याला फोन गेला, ते म्हणाले, क्रेन पाठवतो.
क्रेनच्या आधी रस्ता यायला पाहिजे होता.
रस्ता मागितला त्याला एकोणीस वर्षं झाली.
अभयारण्यात रस्ता होत नाही.

मग त्यांनी हिरीचा काठ फोडला.
स्वतः बांधलेला, स्वतः फोडला.
एका बॅटरीच्या उजेडात
रात्रभर दगड लोटले, कडबा टाकला,
आणि तो खाली फुसफुसत
एकेक दगड पायाखाली घेत राहिला.
उजाडताना वर आला.
पांढरे मोजे चिखलानं भरलेले.

"मागं वळून बघितलं न्हाई त्यानं,"
ठकूबाई म्हणाली होती,
"आणि का बघावं?
आमी काय त्याचं पाव्हणं लागतोय?"

गवा गेला. हीरही गेली.
आता पाणी ओढ्याचं, खाली उतरून,
वर चढून, डोक्यावर.

पुण्याच्या फाउंडेशनच्या बाई फोनवर हळहळल्या.
"फार सुंदर केस स्टडी. फोटो आहे का?"
फोटो नाही.
हात सगळ्यांचे दगडांत होते.

त्यांच्या अर्जात पहिलाच प्रश्न,
प्रकल्पाचं क्षेत्र. एकच निवडा.
सामाजिक न्याय. वन्यजीव संवर्धन.
वन्यजीव निवडलं, तर बांधकाम बसत नाही.
न्याय निवडला, तर लाभार्थी किमान पाचशे.
वाड्यावर माणसं त्रेपन्न.
गव्याला धरून चोपन्न.

मी दोन्हींवर टिचकी मारून बघितली.
एक लागली की दुसरी आपोआप पुसते.
रात्री साडेअकरापर्यंत
तेवढंच करत बसलो होतो.

नेजकरसाहेब बराच वेळ गप्प.
मग म्हणाले, "दोर, कडबा समजलं.
पण गूळ कुणासाठी?"

ठकूबाईला फोन लावला.
रेंज फक्त वरच्या कातळावर,
तिथं तिचा नातू शेरडं घेऊन बसतो.
तो हाक मारत खाली गेला,
ती धापा टाकत वर आली.
"गूळ व्हय? पोरांनी रातभर दगडं वडली,
त्यांस्नी दिला.
आणि एक खडा काठावर ठेवला,
वासानं तरी वर येईल म्हणून.
त्यानं काय खाल्ला न्हाई.
सकाळच्याला मुंग्या लागल्या."

साहेबांनी पेन उघडलं, बंद केलं.
"निम्मा निम्मा टाक," म्हणाले.
मी टाकला.
पंचावन्न रुपये न्याय,
पंचावन्न रुपये वन्यजीव.
मुंग्यांचा रकाना नाही.

फोन चालूच राहिला होता.
"आणि हिरीचं काय झालं, बाळा?"
मी तोंड उघडलं
तेवढ्यात रेंज गेली.
खरं सांगायचं तर,
मला बरंच वाटलं.

खाली दुकानात
नुकता दुरुस्त झालेला पंप
टाकीत सोडून बघत होते.
तेच पाणी वर चढत होतं,
तेच खाली पडत होतं,
आणि मिस्त्री म्हणत होता,
चालतोय, चालतोय.