हौदातला बुडबुडा

आठला निघालो तेव्हा मोर्वांचं जंगल
अजून अंथरुणातच होतं.
बीचच्या बुंध्यांना गुडघाभर धुकं.
पुढे सोलेन, एकोणीस वर्षांची, ब्रेकशी ओळख नसलेली;
मध्ये तिचा बाप एव्हरार,
कालच्या भांडणाचा घास अजून गालात धरलेला;
शेवटी मी, निवृत्त पोस्टमन,
ज्याची सायकल या दोघांच्या मते
संग्रहालयात हवी.

सोमवारी ती पॅरिसला जाणार. कायमची, म्हणते.
त्यावर बाप काही म्हणत नाही, नुसता गिअर बदलतो,
गरज नसताना.

मग रोमन रस्ता. म्हणजे पाटीवर तसं लिहिलंय;
प्रत्यक्षात शेवाळ पांघरून पालथे झोपलेले दगड.
सैन्य गेलं असेल, मिठाच्या गाड्या, वसुलीवाले,
कुणाला तरी घरी पोचायला उशीर झाला असेल.
दगडांना त्याचं काय?
ते माझ्या मनगटांत, दाढांत, एकेका मणक्यात
हजेरी घेत राहिले.
"हात सैल सोड!" एव्हरार ओरडला,
"घट्ट धरलंस की आपटशील!"
पुढे उतारावर सोलेनचं लाल जाकीट
फर्नमध्ये बुडालं, वर आलं,
बुडालं.

आणि माझं मागचं चाक
कंटाळलेल्या माणसासारखं सुस्कारलं.

"अजून ट्यूब वापरता?" सोलेन हसली.
वापरतो. पत्रंही अजून हातानेच लिहितो.
खाली वाडीत धुण्याचा जुना हौद होता,
वर कौलारू छप्पर, कडेचा ग्रॅनाइट
ओल्या चादरी आपटून आपटून
साबणाच्या वडीसारखा मऊ झालेला.
भोक सापडायला पाणी हवं. पाणी इथे
दोनशे वर्षं येतंय, कुणी विचारलं नाही तरी.

बाही वर करून ट्यूब बुडवली. बर्फ!
काठावर मादाम ऑर्तांस काठी टेकून उभी.
"तू पत्रं आणायचास," ती मला म्हणाली,
"बहिणीचं शेवटचं तूच आणलंस, आणि कॉफी न पिता गेलास."
मला आठवेना. माफी मागितली तरी.

मग सोलेनकडे वळून:
"इथे गुडघे टेकून धुतलंय मी, डिसेंबरात.
आणि माझी आजी, तुझ्याच वयाची, गेली पॅरिसला.
दूध घेऊन."
"विकायला?"
"अंगावरचं, पोरी. श्रीमंतांच्या बाळासाठी.
स्वतःचं इथे ठेवलं, माझी आई, आठ आठवड्यांची.
परत आली तेव्हा आईने तिला ओळखलं नाही.
त्या पैशांवर घराला छप्पर आलं. ते बघ, निळी खिडकी."

कुणी काहीच बोललं नाही.
एव्हरार खिडकीकडे बघत होता, की मुलीकडे,
मला नीट दिसलं नाही; माझी नजर पाण्यात,
आणि तिथे, व्हॉल्व्हपासून चार बोटांवर,
एक बुडबुडा.
मोहरीएवढा. मग दुसरा.
"सापडलं!" ऑर्तांसच आधी ओरडली,
काठी आपटून, जणू चादरीवरचा डाग पकडला.

सोलेनने ट्यूब पुसली, कानसलं, डिंक लावला.
एव्हरारने अंगठ्याने ठिगळ दाबून धरलं,
सांगितलं होतं त्याहून बराच वेळ.
दोघांचे काळे हात एकाच रबरावर.
"पत्ता लिहून ठेव," तो म्हणाला. तिच्याकडे न बघता.
"लिहिते."

या वेळी कॉफी प्यायलो. कडू होती.

खरं सांगायचं तर ठिगळ टिकलं नाही.
दर तीन किलोमीटरला उतरायचं, पंप काढायचा.
पडक्या मठाच्या कमानीखाली एकदा,
तीनच नावं असलेल्या युद्धस्मारकापाशी एकदा,
एकदा नुसत्याच चिखलात, रानडुकराच्या लोळणीपाशी.
दर वेळी ती दोघं पुढे थांबलेली, सायकली टेकवून,
काहीतरी बोलत, हळू.

मी हवा जरा सावकाशच भरली.