तरी

मंगळवारी पहाटे तीन ते पाच सर्व्हर बंद होता.
उघडला, तेव्हा अकरा मिनिटं गेलेली.

मी साखरीनाट्याच्या बर्फ कारखान्यात रात्रपाळीला असतो.
कंप्रेसर घरघरतो, अमोनिया आता नाकाला कळत नाही.
लादी धरायला अख्खा दिवस लागतो,
घाई केली तर मधे ठिसूळ निघते.
म्हणून मला वेळ असतो.

चार वर्षं मी त्या खेळात नावाडी होतो.
तलवार नाही, मंत्र नाही,
बावन्न लेव्हल नुसतं वल्हं मारत चढलो,
काजळबंदर ते पांढरं बेट, आणि परत.
भाडं दोन कवड्या.
लोक आधी हसायचे, मग धक्क्यावर येऊन
एवढंच टाइप करायचे: तरी?
कारण पलीकडे जायला दुसरी वाट नव्हती.

अकरा मिनिटं लागायची.
होडीत लढता यायचं नाही, लुटता यायचं नाही,
पिशवी उघडायचीसुद्धा बंदी.
मग माणसं काय करणार?
नागपूरची एक नर्स, तिथलं नाव लोखंडी_चिमणी,
वॉर्डातल्या एका म्हाताऱ्याचं सांगायची.
तो रोज रात्री तिला मुलीच्या नावाने हाक मारी
आणि ती ओ द्यायची.
बारावीला बसलेल्या एका पोराला
मी भर पाण्यात सुप्त उष्मा शिकवला:
पाणी शून्यावर येतं आणि शून्यावरच थांबतं,
बराच वेळ काहीच होत नाही असं वाटतं,
तेव्हाच बर्फ होत असतो.
पास झाला.

आता काजळबंदरात निळी कमान आहे.
शिरलात की पलीकडे.
‘तुमचा मौल्यवान वेळ वाचावा म्हणून.’
नावाडी हा पेशा ‘वारसा’ गटात हलवलाय.
बावन्न लेव्हलच्या बदल्यात तीनशे रत्नं
आणि एक टोपी. टोपीला पीस.

वाचलेला वेळ ठेवलाय कुठे, तेवढं सांगा.
माझ्या वाट्याची अकरा मिनिटं द्या इकडे,
कोळंबीसारखी बर्फात घालून ठेवतो,
माझ्याकडे बर्फाला तोटा नाही.

तक्रार लिहिली.
अर्ध्या सेकंदात उत्तर आलं. तेही कमानीतूनच आलं असणार.

चारला बावा खडपे ट्रॉली घेऊन आला. त्याला सांगितलं.
‘गेम बदलला ना? मंग दुसरा घे.
पर्ससीनवाले आले तेव्हा आमी काय केला?’
काय केलंत?
त्याने क्रशरमध्ये लादी ढकलली.
क्रशर चालू असताना काही ऐकू येत नाही.

नवी पोरं खूश आहेत. त्यांची चूक नाही,
त्यांना कुणी पाण्याच्या मधोमध बसवलंच नाही.
आणि खरं सांगायचं तर
मीही एकदा कमानीतून गेलो.
छान वाटलं.
राग आहे तो त्याचाच जास्त.

परवा पांढऱ्या बेटावर चिमणी दिसली, धावत होती.
मी हात केला. तिने हात केला
आणि कमानीत गेली.
म्हाताऱ्याचं पुढे काय झालं, ते राहिलं.

खेळ काढून टाकणार होतो. बोटही नेलं होतं बटणावर.
पण त्यांनी होडी काढली, धक्का मोडला,
आणि दोर बांधायचा खुंटा विसरले.
‘थांबा’ हे बटण अजून चालतं.
मी खुंट्यापाशी जाऊन ते दाबतो.
बाहेर ट्रॉलरवाले हाका मारतात, वीस लाद्या, तीस लाद्या,
टोपीचं पीस हलतं. वाऱ्याचं काम नीट केलंय, मानलं पाहिजे.

आज एकजण आला. लेव्हल तीन, अंगात फुकटचा सदरा.
वाट चुकला असेल.
शेजारी उभा राहिला. बराच वेळ काहीच नाही.
मग त्याने टाइप केलं:

तरी?