आडवी विहीर

बेलापूर, सातवा मजला, एसी गरजेपेक्षा थंड.
इथून मी एका छिन्नीला वाट दाखवतोय
जी आत्ता समुद्राच्याही खाली आहे.
तिचे आकडे वर येतात चिखलातून,
दाबाच्या ठोक्यांनी, सावकाश,
नाडी बघावी तसे.

जुनी विहीर सरळ होती. एकोणीस वर्षं दिलं तिनं तेल,
मग खालचं पाणी शंकूसारखं वर चढलं.
आता शंभर बादल्यांत ब्याण्णव खाऱ्या.
फायलीत तिला मेलेली म्हणतात,
रिगवरचा डाबरे म्हणतो, दमलेली.

तेलाचा थर बारा फूट. वर शेल, खाली पाणी.
उभं गेलं तर तो बारा फूटच भेटतो,
त्याच्या अंगानं वळलं तर अडीच हजार.
एवढं सांगायला मला चौदा स्लाइड लागल्या.
दादांना करावे गावच्या खाडीत एक वाक्य.

ओहोटी. कांदळवनाच्या मुळांत गुडघाभर गाळ,
दादांचा हात खांद्यापर्यंत बिळात,
गाल चिखलाला टेकलेला, डोळे मिटलेले.
"सरल गेलास त पानी. वलून गेलास त चिंबोरी."
मग आत कुठंतरी, आम्हाला न दिसता,
त्यांचं कोपर वळायचं.
त्या हाताला एक पेर कमी होतं.
कुठं गेलं, विचारायची गरज नव्हती.

एकोणनव्वद अंश. गॅमा चढतोय.
छत जवळ आलं, दोन फूट, कदाचित दीड.
नकाशा म्हणतो सरळ चल. नकाशा तीन वर्षांचा जुना.
चाळणीवरच्या चुऱ्याचा फोटो येतो:
राखाडी, राखाडी, त्यात पिवळट चुनखडीचे चार कण.
"काय करू?" डाबरे विचारतो.
माझे डोळे मिटतात, आपोआप.
"अर्धा अंश खाली. हळू."

मोजणारं यंत्र छिन्नीच्या पन्नास फूट मागे असतं.
आपण कुठं होतो, तेवढंच कळतं;
कुठं आहोत, ते नंतर.
चहा येतो. साय धरतो.

सव्वाचारला घरून फोन. दादांना हल्ली झोप नसते,
खांदाही वर जात नाही.
"काय लागला? पानी की चिंबोरी?"

अजून माहीत नाही, म्हणालो.
हात आत आहे.