आठ बाय आठ

शरणपूर रोडच्या त्या बंगल्यात मी अठरा दिवस काम केलं.
दगडी जोतं, मंगलोरी कौलं,
दारावर रंगीत काचेचा अर्धा गोल.
गोल सुताराच्या खात्यात.
माझं खातं खाली. फरशी.

जुनी होती ती आठ बाय आठची,
तांबड्या चांदणीत राखाडी चांदणी,
आणि भिंतीलगत वेलीची किनार,
लुगड्याला असते तशी, कोपऱ्यात नीट वळवलेली.
कोपरा वळवणं सोपं नसतं.
कुणी वळवला असेल, असं एकदा मनात आलं,
मग ब्रेकर सुरू केला.

ॲशरसाहेब मस्कतहून, व्हिडिओवर:
"सगळं एकसारखं पाहिजे. हॉल, पॅसेज, किचन.
जॉइंट दिसता कामा नये."
दोन बाय चारची आली, मोरबीहून, आरशासारखी.
उंबरे काढा म्हणाले. काढले.
सागवानी उंबरा, मधोमध पावलांनी खोलगट झालेला,
टेम्पोवाल्यानं जळणाच्या भावानं नेला.

घरात एलियास मास्तर एकटे.
साहेबांचे काका. पेटी शिकवायचे.
डोळे लहानपणीच देवीत गेलेले.
पहिल्या दिवशी त्यांनीच मला घर दाखवलं,
काठी कोपऱ्यात ठेवून, अनवाणी.
"दारापासून नऊ फरश्या, मग किनार.
किनारीवर कुणी चालत नाही रे,
म्हणून ती झिजत नाही, पायाला उंच लागते.
पुढे उंबरा. मग पॅसेजात चौदावी पोकळ आहे,
ती बोलली की चूल दोन पावलांवर."
आणि टाच आपटली.
ठप्.
"काळी दोन," म्हणाले,
"इतक्या वर्षांत उतरलेली नाही."

आमच्या धंद्यात पोकळ फरशी म्हणजे शिवी.
माझे उस्ताद हलीमभाई
हातोडीच्या मुठीनं ठोकत रांगेवरून सरकायचे,
एक जरी वाजली तरी
अख्खी रांग उखडायला लावायचे. जेवणाआधी.

बाराव्या दिवशी हॉल झाला.
मास्तर पाणी प्यायला उठले
आणि मधोमध थांबले.
एक पाऊल पुढे. एक मागे.
नदीत उतरलेल्या माणसासारखे हात जरा पसरून.
वर पीओपी लागलेलं,
त्यांचा खाकरा कौलांपर्यंत जाऊन परत आला नाही.
"गोरख, मी कुठंय?"
"घरातच आहात, मास्तर."
"तू सांगतोयस म्हणून."

मी हात धरून नेलं. सहा पावलं होती फक्त.
हात गार होता त्यांचा,
आणि माझ्या हाताला सिमेंट.

शेवटच्या दिवशी, पॅसेजात, एका फरशीखाली
मी माल पुरता भरला नाही.
चार कोपऱ्यांत चार ठिपके, मधे हवा.
सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा
मुद्दाम वाईट काम केलं,
आणि पोरांना तिकडं बघू दिलं नाही.

मास्तरांनी टाच आपटली.
ठक्.
मान तिरकी केली, पुन्हा आपटली.
"काळी दोन नाही ही.
पांढरी पाच. तीही जरा चोरटी."
मी गप्प.
"असू दे," म्हणाले. "ओळख व्हायला वेळ लागेल.
तेवढा आहे का माझ्याकडे, ते बघू."

किनारीच्या सात अखंड निघाल्या होत्या.
सातपूरला आमच्या नळाखाली बसवल्या.
वेल सरळच जाते, कोपऱ्याची फुटली ना.
बायको त्यांच्यावर भांडी घासते
आणि म्हणते, राखेनं जास्त उजळतात या.

काल साहेबांचा फोन.
कुणीतरी कळवलंय, पॅसेजात एक वाजते.
येतो म्हणालो.
म्हणालो, अंबडला साइट चालू आहे,
लेबर सगळं द्राक्षाला गेलंय,
आणि ती एक उचलायची तर
शेजारची फुटू शकते, साहेब.
फुटली तर तोच लॉट मिळेलच असं नाही.
बघू म्हणालो. हंगाम सरू द्या.