सूत

देवळीच्या एमआयडीसीत, बंद जिनिंगच्या शेडमध्ये
(सरकी अजून सापडते खिडकीच्या फटीत)
आमचा हात उभा आहे. सहा सांधे.
तिसरा थरथरतो.

शालिकभाऊ कोहपरे स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला लावतात,
टोक गिअरबॉक्सवर टेकवतात, डोळे मिटतात.
"पोरी, यात सूतभर प्ले हाये."
सूतभर नाही भाऊ, वीस मायक्रॉन.
"तेच ना. तुमचं सूत बारीक झालं."
तीस वर्षं गिरणीत
तुटण्याआधी सूत ऐकलेला माणूस.
गिरणी गेली, कान उरला.

नागपूरहून साहेब आले फॉर्म घेऊन:
यात देशी किती टक्के?
मी मोजत गेले.
पाया कोल्हापूरचा ओतीव, नटबोल्ट राजकोटचे,
रंग वर्ध्याचा, नारिंगी.
मोटर बाहेरची. मेंदू बाहेरचा.
आणि तो गिअरबॉक्स, तळहातावर मावेल एवढा,
चार महिने बंदरात पडून होता,
कारण तो कुठल्या रकान्यात बसतो
हे कुणालाच ठरवता येईना.
साहेबांनी टक्क्यांच्या जागी रेघ ओढली.
चहा मात्र घेतला.

मग म्हटलं, आपणच कापू दात.
पोलादाचा व्यापारी फोनवर हसला:
मॅडम, पाच टनाखाली भट्टी पेटत नाही.
आम्हाला हवं होतं अकरा किलो.
कुठून तरी तुकडे आणले. पण मे महिन्यात
दुपारी मोजलेला दात रात्री खोटा पडतो,
म्हणून पहाटे तीनला मोजायचं,
पत्रे निवल्यावर,
बोलायचंही नाही फार.

पल्लवी टेकाम इथेच शिकली सांधे बांधायला.
आता चाकणला असते, कोरियन हातांची देखभाल करते.
पगार मी विचारला नाही.
दिवाळीत येते, तिसऱ्या सांध्यावर तळवा ठेवून बघते,
ताप बघावा तसा.

तेलगिरणीचे चांडकशेठ म्हणाले,
"हमाल चारशेत भेटते. याले लाइन लागते,
वरून तुम्ही लागता."
तरी डेमोला आले.

ढेपेचा कट्टा, पन्नास किलो.
हात वाकला, धरला, उचलला,
आणि वळता वळता
लाइन गेली.

कट्टा अधांतरी.
शेठ दोन पावलं मागे.
मी मनात पडण्याचा आवाजही ऐकून घेतला.
पण पडला नाही.
ब्रेक. वीज गेली की आपला आपण आवळणारा,
गिरणीच्या भंगारातल्या चकतीतून
शालिकभाऊंनी कातलेला.
मोजताना मी त्याला विसरले होते.

दारात मघापासून बिडी न पेटवता उभा असलेला
हमाल देवाजी आत्राम पुढे आला,
कट्ट्याखाली खांदा लावला.
"सोड बे," हाताला म्हणाला.
तो नाही सोडणार, मी म्हटलं, लाइन येईपर्यंत.
"मंग उभा राह्यतो."
आणि राहिला.

शेठ घड्याळ बघत होते.
शालिकभाऊंनी स्क्रूड्रायव्हर पुन्हा कानाला लावला.
बंद यंत्रात काय ऐकत होते, कोण जाणे.