नोंदवही

इथे जूनमध्ये रात्र येतच नाही.
दाराशी येते, चपला काढते,
आणि आत न येताच परत जाते.

पेइप्सी सरोवराच्या काठावर, पाइनच्या झाडांत
सहा लाकडी खोल्या, एक सौना,
दरवर्षी रंग लावूनही दरवर्षी गळणारी एक होडी
आणि चोवीस मुलं.
मी रात्रपाळीची नर्स.
औषधांच्या फ्रिजची किल्ली माझ्या गळ्यात.

तार्तूच्या इस्पितळात मी यांना
पलंगांच्या आकड्यांनी ओळखते.
इथे आल्यावर कळतं,
चौदा नंबरला शीळ घालता येते,
नऊ नंबर होडी गोल गोलच वल्हवतो,
आणि सात नंबरला
गुडघ्याखाली जिथे आता काहीच नाही
तिथे डास चावतात.
मग खोलीतल्या सगळ्यांनी आळीपाळीनं
तिथली हवा खाजवायची.
नीट खाजवली नाही तर तो ओरडतो.

केस असलेली इथे एकटी काद्री,
कुणाची तरी बहीण म्हणून आलेली.
पहिल्या दिवशी तिला
फार चुकल्याचुकल्यासारखं झालं.

काल रात्री दोनला फ्रिज उघडला.
वरच्या कप्प्यात इंजेक्शनं, नावानिशी.
मधल्यात सिरपं.
खालच्या कप्प्यात, जो रिकामाच असायला हवा,
कॉफीचा पत्र्याचा डबा.
झाकणाला खिळ्यानं पाडलेली भोकं.
आत काळी माती,
आणि माती हलत होती.

किल्ली माझ्या गळ्यात, मग हा आत आला कसा?
आठवलं.
संध्याकाळी, सुई टोचायच्या आधी, केर्तू म्हणाली होती,
मी डोळे मिटते, पण आधी तू मीट.
मी मिटले होते.
दहापर्यंत मोजलेही होते, मोठ्यानं.

झाकणाच्या आतून कोरलेलं नाव: यागुप.

मागच्या वर्षीचा यागुप.
सौनामागची ओली जमीन हा त्याचा शोध.
जगातली सगळ्यात लठ्ठ गांडुळं तिथे राहतात
असं तो डॉक्टरांनाही सांगायचा,
सलाइन चालू असताना.
यंदाच्या यादीत तो नाही.
कुणी विचारलं नाही.
मुलं याद्या आमच्याआधी वाचतात.

मी नर्स आहे. डबा बाहेर काढला.
कप्पा स्पिरिटनं पुसला, दोनदा.
हात धुतले. पुन्हा धुतले.
बाहेर फेकायला दारापर्यंत गेले
आणि तळघराच्या पायरीवर, गार दगडावर,
ओलं फडकं टाकून ठेवून आले.

मग वहीत लिहिलं:
दोन वाजून वीस मिनिटं. गांडुळं, अंदाजे तीस.
ताप नाही. हालचाल उत्तम.
झोप नाही.

सकाळी केर्तू आली, दोन्ही हातांत
माझ्याच खोक्यातले रबरी मोजे,
बोटांची टोकं लोंबणारे.
काही बोलली नाही, मीही नाही.
नुसता डबा दिला.
तिनं झाकण उघडून मोजलं,
तीन लठ्ठशी वेगळी काढली
आणि सौनामागे जाऊन पुरली.
म्हणाली, थोडी बेण्याला ठेवायची असतात.
त्यानं सांगितलंय.

कधी सांगितलं, कुठल्या पलंगावरून,
मी विचारलं नाही.
चौदा आणि पंधरामध्ये एक पडदाच तर असतो.

आता होडी पाण्यात आहे.
काठावरून मला दिसतं,
नऊ नंबर, म्हणजे रास्मुस, तिला गोल गोल फिरवतोय,
गांडुळं केव्हाच पाण्यात सांडलीत,
मासे कुठेतरी पोट भरून निवांत असतील.
होडी गळतेय,
आणि चौघंजण ओरडत, हसत, एकमेकांना ढकलत
पाणी उपसतायत, त्याच डब्यानं.
पत्रा उन्हात चमकतो, बुडतो,
परत चमकतो.

लाइफजॅकेटं चारही जणांच्या अंगात आहेत.
मी मोजलीत.
पण शीळ कोण घालतंय ते इथून कळत नाही.